पाच हात बांध

देणगी मागायला जायचं आणि देणारा हात सैल सोडू लागला की त्याच्याशीच भांडायचं, असा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. माझं दुर्दैव असं की त्यांच्याच मंडळाचा मी खजिनदार होतो.

सन एकोणीसशे तिसाच्या आगेमागची गोष्ट. चौलच्या पलीकडे खाडीच्या काठाला आमचं गाव. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी आणि मध्ये मातीचा बांध, एवढाच आमचा भूगोल. शाळेत मुलांना मी हिमालय शिकवत असे, पण आमच्या गावाला त्या बांधाहून उंच काही माहीत नव्हतं. बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. अशी ऐंशी हातांची खांड पडून दोन पावसाळे उलटले होते. दिवसातून दोनदा भरती शेतात येई, दोनदा निघून जाई आणि जाताना मीठ ठेवून जाई. गावचं तळं मचूळ झालं होतं. बायका हंडे घेऊन कोसभर चालत आणि चालताना पुरुषांना शिव्या देत.

खांडीच्या बरोबर समोर माझ्या थोरल्या भावाचं शेत. मला शाळेचा पगार होता, दादाला फक्त शेत. दोन वर्षं त्यानं बियाण्याचा मुडा माळ्यावर जपून ठेवला होता. तिसऱ्या पावसाळ्याआधी खांड बुजली नाही तर बियाणं दळून खायचं आणि वहिनीला घेऊन मुंबईला गिरणीत जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. दादा बोलतो कमी आणि ठरवलेलं मोडत नाही. म्हणून खांड बुजवायच्या मंडळाचा मी खजिनदार झालो. लोकसेवा वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. मला माझा भाऊ गावात हवा होता.

मंडळाचे चिटणीस, म्हणजे तेच भांडणारे गृहस्थ, मात्र आमच्या गावचेच नव्हते. त्यांना सगळे चिटणीसच म्हणत, मीही तेच म्हणतो. मीठ खात्यात तीस वर्षं नोकरी करून ते आमच्या गावात भाड्याच्या दोन खोल्या घेऊन राहिले होते. बायको वारलेली, मुलगा कुठं तरी वऱ्हाडात. गावात त्यांचं वीतभर शेत नव्हतं. "तीस वर्षं मीठ बाहेर जाऊ नये म्हणून राखण केली, आता मीठ आत येऊ नये म्हणून करतो. काम तेच, तोंड फक्त फिरवलं," असं ते म्हणत. म्हणताना हसत नसत. त्यांना हसताना मी एकदाच पाहिलं, तेव्हा त्यांची दाढ दुखत होती असं नंतर कळलं.

रोज सकाळी ते बांधावरून अनवाणी चालत. वहाणा काखेत. बांध लाटेनं फुटतो असं लोकांना वाटतं, पण तो फुटतो खेकड्यानं. चिंबोरी बांधात बीळ पाडते, बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता वाट मोठी करतं. बीळ दिसलं की चिटणीस थांबत, त्यावर टाच ठेवत, तीनदा दाबत आणि पुढं जात. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की मुंबईत गिरगावच्या रस्त्यात भोक दिसलं तरी तीनदा टाच. एकदा एका देणगीदाराच्या बागेत गुलाबाचं कलम लावायला माळ्यानं केलेला खड्डा त्यांनी असाच बुजवला. त्या देणगीदाराकडून पुढं काही आलं नाही.

दुसरी सवय जिभेची. पाणी आणि माती ते चाखून पाहत. कोणाच्या घरी गेलं की पाण्याचा तांब्या यायचा. चिटणीस एक घोट तोंडात धरून डोळे मिटत आणि यजमानाला सांगत, "तुमच्या विहिरीला अजून चार वर्षं आहेत." यजमान बिचारा सुपारी कातरत बसलेला असे. त्याचा अडकित्ता थांबायचा.

आता त्यांची देणगी गोळा करायची पद्धत सांगतो. पैसे कोणी दिले तर पावतीवर ते रुपये लिहीत नसत, हात लिहीत. एका हाताला अमुक रुपये असा भाव ठरलेला होता. 'अमक्या तमक्यांचे बांध दोन हात.' तेवढा बांध त्या माणसाचा. विकता येत नाही, त्याच्यावर काही पिकत नाही, नुसती राखण करायची. हात मोजायचा तो ज्याच्या त्याच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. बुटक्या माणसाला तेवढ्याच पैशांत बांध कमी येई. एका बुटक्या कारकुनानं तशी तक्रार केली तेव्हा चिटणीस म्हणाले, "खेकडेही कमी येतील."

जो समोर नसेल त्यानं आपल्या हाताच्या मापाची सुतळी पाठवायची. सुतळीशिवाय आलेले पैसे परत. अलिबागच्या एका वकिलांनी मोठ्या मनानं मनिऑर्डर केली होती. चिटणिसांनी ती 'हात पाठवावा' एवढंच लिहून परत केली. वकील तणतणत आले. चिटणिसांनी त्यांचे बूट काढायला लावले, बांधावर नेलं, हात मोजला आणि हातभर बांध त्यांच्या हवाली केला. आश्चर्य म्हणजे वकील खूश झाले. पुढं दर महिन्याला ते आपला हातभर बांध बघायला येत, एकदा तर बायकोला घेऊन आले. बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. बोलणार तरी काय, हातभर बांध तो.

आणि शेवटची अट: कोणालाही पाच हातांहून जास्त मिळणार नाही.

ही अट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, असेना का, कोणी एवढं देतच नाही, तेव्हा अट असली काय, नसली काय. मुंबईतल्या चाळींत आमच्या भागातले गिरणी कामगार होते, त्यांच्याकडून एक हात, दोन हात गोळा होत होते. वहीत नावं दोनशेच्या वर गेली, पण पैसे हप्त्याहप्त्यानं येणार, हातात रक्कम खांडीच्या खर्चाच्या चौथाईसुद्धा नव्हती. दगड होडीनं आणायचे, फळ्या, बांबू, तीनशे माणसांचं आठ दिवसांचं जेवण. फाल्गुन लागला. दादानं माळ्यावरचा मुडा खाली काढून उन्हात घातला. तो बियाण्याला ऊन देत होता की दळणाची तयारी करत होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

अशा वेळी किहीमचा शेट भेटला. मुंबईचा कापडाचा व्यापारी, किहीमला नारळीच्या बागेत त्याचा बंगला. त्यानं आपण होऊन निरोप धाडला होता. आम्ही दोघं गेलो. शेट झोपाळ्यावर बसला होता. त्यानं आम्हाला सरबत दिलं. चिटणिसांनी सरबत तोंडात धरून डोळे मिटले, पण देवाच्या दयेनं काही बोलले नाहीत.

शेट म्हणाला, "चिटणीससाहेब, ऐंशी हात ने? आखा मी देते. घरोघर कशाला फिरते तुम्ही? तिथं एक पथ्थर लावा, माझ्या बाचं नाव लिहा. बस." बा म्हणजे त्याची आई, आदल्या वर्षी वारलेली.

माझ्या डोळ्यांपुढं दादाचं शेत हिरवं झालं.

"पाच हात मिळतील," चिटणीस म्हणाले.

"पाच? मी ऐंशी बोलते."

"ऐकू आलं. पावसात, उधाणाच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका माणसाची नजर पाच हात पोचते. बाकीचे पंच्याहत्तर हात कोण बघणार?"

"माणूस ठेवते ने. पगार देते."

"पगारी माणूस पगाराची तारीख बघतो. आपला हात द्या."

शेटनं भिडेखातर हात पुढं केला. चिटणिसांनी कोपरापासून सुतळी धरली, मापली, कापली आणि म्हणाले, "जरा आखूड आहे. हरकत नाही." शेटनं हात मागं घेतला. झोपाळा थांबला होता. शेट म्हणाला, "मी विचार करते," आणि नोकराला आमचे पेले उचलायला सांगितले.

परतीच्या वाटेवर मी चिटणिसांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही. ते ऐकून घेत चालत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "मास्तर, पैसे देणारा माणूस देऊन मोकळा होतो. मला मोकळी माणसं नकोत. अडकलेली हवीत. शेटचा बांध झाला की गावातला कोण त्यावर टाच ठेवील? बीळ दिसलं तरी म्हणतील, शेटचं आहे, शेट बघून घेईल."

"आणि माझा भाऊ मुंबईला गेल्यावर तुमची अडकलेली माणसं काय नांगर धरणार आहेत?"

रस्त्यात एक भोक होतं. उंदराचं असावं. त्यांनी त्यावर तीनदा टाच दाबली. मला इतका संताप आला की मी टांग्याचे पैसे एकट्यापुरते देऊन एकटाच घरी आलो.

पुढच्या रविवारी मी परत किहीमला गेलो. शेटनं विचारलं, "चिटणीस काय बोलते?"

"त्यांना सांगायचं नाही."

"आणि पथ्थर?"

"पथ्थरही नाही."

शेटनं पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाला, "बा आजारी होती ने, तुमच्या खारीतल्या तांदळाची पेज मागत होती. दुसरी घेतच नव्हती. दोन वरस ते तांदूळ भेटले नाय. घेऊन जा, मास्तर. नाव नको." त्यानं पैसे दिले आणि मला तोंड दाखवायला नको म्हणून की काय, आत निघून गेला. माणूस भला होता. मी तेव्हा त्याला नीट नमस्कारसुद्धा केला नाही, पैसे सांभाळण्याच्या नादात.

अलिबागला एका वाण्याच्या दुकानात बसून मी सोळा माणसं जन्माला घातली. सोळा माणसं, प्रत्येकी पाच हात, ऐंशी हात. गणपत धर्मा पाटील, पदू जोमा म्हात्रे, हिरू काथोर ठाकूर. पहिली दहा सहज झाली. पुढं नावं आठवेनात. सोळाव्याला तर आडनावच सुचेना, म्हणून 'मोरेश्वर परशुराम खंडेराव' असं लिहून मोकळा झालो. सगळ्यांना मुंबईच्या चाळींचे पत्ते दिले. वाण्याकडून सुतळीचा गुंडा घेतला आणि सोळा सुतळ्या कापल्या.

चिटणिसांनी पैसे पाहिले, यादी पाहिली. सुतळ्या एकेक करून मांडीवर सरळ केल्या. "मुंबईची माणसं जागी झाली म्हणायची," एवढंच म्हणाले आणि सोळा नावं वहीत चढवली. नव्या देणगीदारांना नवा बांध, या हिशेबानं खांडीचे ऐंशी हात त्या सोळा जणांना गेले. मला त्या रात्री गाढ झोप लागली. खोटेपणानं झोप उडते असं मी मुलांना शिकवत असे. तसा काही अनुभव आला नाही.

वैशाखातल्या अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरतीचा जोर सगळ्यांत कमी असतो तेव्हा, आम्ही खांड बुजवली. ओहोटी लागल्यापासून भरती येईपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात शेवटचं तोंड बंद करावं लागतं. दोन्ही बाजूंनी माणसं चिखलाचे गोळे हातोहात देत होती. पाणी यायच्या आत तोंड मिटलं. दादा बांधावरून उतरून आपल्या शेतात गेला आणि मध्यावर जाऊन नुसता उभा राहिला. वहिनी म्हणाली, "बगा तुमचा भाऊ, कसा खांबासारका उबा हाय." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. मुडा काही दळला गेला नाही.

ज्येष्ठात पाऊस चांगला झाला. पहिल्या सरींनी बरंचसं मीठ धुऊन उघाडीवाटे, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, बाहेर काढलं आणि आषाढात दादानं लावणी केली. आता प्रश्न राहिला आषाढातल्या अवसेच्या उधाणाचा. वर्षातली मोठी भरती ती. नव्या बांधाची माती अजून बसलेली नव्हती.

चिटणिसांचा नेम असा की त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या हातांवर उभं राहायचं. वाटून दिलेल्या बांधावर ते स्वतः आता टाच ठेवत नसत, बाहेरगावच्या मालकांना त्यांनी कार्डं टाकली: 'आपल्या बांधास तीन बिळे. अवसेस दुपारी भरती. यावे. टाच आपली लागेल.' एकानं उलट लिहिलं होतं की माझ्यावतीनं गावच्या एखाद्या माणसाला उभं करा. त्याला उत्तर गेलं: 'त्याला त्याचे हात आहेत.'

माझ्या सोळा जणांनाही कार्डं गेली. ती सगळी 'मालक सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आली. पण आमच्या गावचं टपाल शाळेतच येई आणि टपालमास्तर मीच. पिशवी उघडून मी सोळा कार्डं बाजूला काढली आणि चुलीत घातली.

अवस उजाडली. पावसात मुंबईच्या बोटी बंद असतात, तरी माणसं पनवेलवरून, पेणवरून, मिळेल ते वाहन आणि उरलेलं पायी करत आली होती. गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, नवी छत्री उघडून आपल्या एका हातावर असा उभा होता की बांधानं छत्री धरली आहे की त्यानं, हे कळू नये. वकील आले होते, अनवाणी. शेट नव्हता आला, त्याला कोण बोलावणार? बांधभर माणसं दोन-दोन, पाच-पाच हातांवर उभी होती. फक्त खांडीचे ऐंशी हात रिकामे. त्यांच्या एका टोकाला दादा-वहिनी आपल्या जागेवर आणि मी उगाच इकडून तिकडे.

भरती चढू लागली तशी चिटणिसांनी हजेरी सुरू केली. वही छत्रीखाली धरून ते बांधावरून चालत आणि नाव घेत. वहीतलं पहिलं नाव त्यांचंच. पाच हात त्यांनीही घेतले होते. ते स्वतःच स्वतःला हाक मारत आणि स्वतःच "हजर" म्हणत. गावची माणसं "हाय!" म्हणत. असं करत करत ते खांडीपाशी आले.

"गणपत धर्मा पाटील, पाच हात."

पावसाचा आवाज.

"पदू जोमा म्हात्रे, पाच हात."

चिटणीस नाव घेऊन थांबत होते. त्यांना घाई नव्हती. तिसऱ्या नावाला मी म्हणालो, "हजर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चौथं नाव घेतलं. मी म्हणालो, "हजर." दोनशे माणसांदेखत मी तेरा वेळा हजर म्हणालो, मग त्यांनी पहिली दोन पुन्हा घेतली आणि मी त्यांनाही हजर म्हणालो. मोरेश्वर परशुराम खंडेरावाच्या वेळी मी नुसती मान हलवली. चिटणिसांनी खूण केली आणि म्हणाले, "सोळा जण आलात. बरं झालं. पसरून उभे राहा."

मी एकटा ऐंशी हातांवर पसरून उभा राहिलो. उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्यापासून दीड हातावर आलं होतं. आत दादाची लावणी, आठ दिवसांची. तेवढ्यात वहिनी ओरडली, "पानी! आतल्या अंगाला पानी!"

बरोबर मधोमध, बांधाच्या आतल्या उतारावर गढूळ पाण्याची मनगटाएवढी धार उडत होती. नव्या मातीत चिंबोरीनं बीळ केलं होतं. तिथं कोणाची टाच कधी पडलीच नव्हती. मी बघत राहिलो. चिटणीस चालत आले, वही आणि छत्री माझ्या हातात दिली, म्हणाले, "वही भिजता कामा नये," आणि कोटासकट बाहेरच्या उतारावर उतरून, भरतीच्या पाण्यात, बिळाला पाठ लावून बसले. पाणी त्यांच्या छातीला लागलं. आतली धार बारीक झाली.

"चिखल!" ते म्हणाले.

चिखलाचा ढीग होता बांधाच्या टोकाला. माणसं जिथल्या तिथं उभी राहून गोळे हातोहात पुढं देऊ लागली. पाच-पाच हातांवर माणूस, गोळा कुठं थांबत नव्हता. थांबला तो माझ्या ऐंशी हातांच्या तोंडाशी. पुढं घ्यायला माणूसच नाही. मी वही छातीशी बंडीत खुपसली, छत्री टाकली आणि धावलो. गोळा घेऊन जायचं, आणायला परत यायचं. घसरलो, पडलो, दोन गोळे पाण्यात गेले. लाट आली की चिटणिसांचं डोकं दिसेनासं व्हायचं. दोघं-तिघं जागा सोडून माझ्याकडे धावणार तोच ते पाण्यातून ओरडले, "जागा सोडू नका! तिथंही बिळं आहेत!"

तेव्हा दादा ओरडला. माझ्या दादाचा एवढा मोठा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. "सोडू नका रं! सरका! पाचाचं धा करा! सरकाऽऽ!"

आणि रांग सरकली. कोणी जागा सोडली नाही, जो तो आपली जागा वाढवत पुढं आला. छत्रीवाला जॉबर सरकला, वकील सरकले, दादा आणि वहिनी खांडीवर आले आणि पलीकडच्या टोकाची माणसंही इकडे आली. माझ्या सोळा माणसांची जागा खऱ्या माणसांनी भरली. गोळा या हातातून त्या हातात जाऊ लागला. अर्ध्या घटकेत बीळ बुजलं. चिटणिसांना चौघांनी ओढून वर घेतलं. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सोळांतला एकच धावला." आणि वही मागून घेऊन पुढची नावं घ्यायला निघाले.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते कांबळं पांघरून चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. शेट, वाण्याचं दुकान, चुलीतली कार्डं.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," ते म्हणाले. "सोळा माणसं आणि सोळांचा हात अगदी एकाच मापाचा. मुंबईत अशी चाळ असती तर मी दर्शनाला गेलो असतो." सोळाही सुतळ्या मी माझ्याच हातावर मापल्या होत्या. वाण्याच्या दुकानात दुसरा हात कुठून आणणार?

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"खांड बुजायला हवी होती. तुमच्या भावाचा मुडा मीही पाहिला होता." त्यांनी चहाचा घोट तोंडात धरला, डोळे मिटले, गिळला. "वाटलं, तुम्ही येऊन सांगाल. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला."

मला खूप वाईट वाटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी दादाचं पीक बेताचंच आलं, मीठ एका पावसात जात नाही. पण दादा गावात राहिला. दिवाळीनंतर बोटी सुरू झाल्या तसे चिटणीस मला घेऊन मुंबईला निघाले. ती सोळा नावं वहीत आहेत, तेव्हा ती माणसं असली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. चाळीचाळींतून ते विचारत फिरले: "इथं गणपत धर्मा पाटील राहतात का?" गणपत पाटील ढिगानं मिळत, बाप धर्मा असलेला मिळेपर्यंत चिटणीस जिने चढत. आणि मिळाला की त्याला पाच हातांचा हप्ता बांधून देत, तो अवाक होऊन ऐके आणि शेवटी हात मापायला देई. दोन हिवाळे गेले. पंधरा जण मिळाले. जसजसे पैसे आले तसतसे शेटला परत केले. शेटनं ते मुकाट्यानं घेतले आणि शेवटच्या खेपेला आपला हात आपण होऊन पुढं केला. त्याला उघाडीजवळ पाच हात मिळाले.

सोळावा काही मिळेना. मी म्हणालो, "मोरेश्वर परशुराम खंडेराव असा माणूस त्रिभुवनात नाही. राहू द्या आता."

"याचा पत्ता मला ठाऊक आहे," चिटणीस म्हणाले. त्यांनी वही उघडली, ते नाव एका रेघेनं खोडलं आणि वर माझं नाव लिहिलं. "वहीत दोनशे वीस नावं आहेत, मास्तर. तीन वर्षं झाली, खजिनदाराचं नाव नव्हतं."

खरंच नव्हतं. मी दारोदार फिरलो होतो, लोकांच्या कंजूषपणाला नावं ठेवली होती, सोळा जणांच्या नावानं हजर म्हणालो होतो आणि माझ्या स्वतःच्या नावावर त्या बांधाची बोटभर माती नव्हती. मला हे कधी सुचलंही नव्हतं. त्यांनी सुतळी काढली नाही. माझ्या हाताचं माप त्यांच्याकडे सोळा वेळा होतं.

त्याच फाल्गुनात ते गेले. छातीचं दुखणं होतं, ते त्या अवसेपासूनच धरलं होतं असं डॉक्टर म्हणाले. वऱ्हाडातून मुलगा आला, खोलीतलं सामान घेऊन गेला. वही तेवढी मी ठेवून घेतली.

आषाढातल्या अवसेला वही कोणी वाचायची असा प्रश्न आला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणालो. मग दादा पुढं झाला. दादाला अक्षर येत नाही, पण दोनशे वीस नावं त्याला पाठ होती. पाऊस होता, भरती चढत होती. त्यानं पहिलं नाव घेतलं. चिटणिसांचं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. कोणी ओ दिली नाही. दादा थांबला आणि तेच नाव त्यानं पुन्हा, मोठ्यानं घेतलं. मग त्यांच्या जागेच्या दोन्ही अंगांची माणसं अडीच-अडीच हात सरकली. मी लांब होतो, खांडीवर. मलाही सरकायचं होतं. पण माझे पाच हात इथं होते, आणि जागा सोडायची नव्हती.